दोरीच्या अलीकडे

प्रिय वहिनी,

हे पत्र मी दादाकडे देणार नाही. तू दूध काढून डबा भरत असशील तेव्हा तुझ्या पिशवीत टाकून जाईन. समोर बसून सांगायला गेले तर तू मध्येच काहीतरी चेष्टा करणार, मला हसू येणार आणि सांगायचं ते राहून जाणार. आजवर तसंच झालंय. लिहिताना निदान मला कुणी मध्ये तोडत नाही.

पूल बंद केल्यापासून मी रोज या शहरातून पायी हिंडते आहे, आणि खरं सांगायचं तर मला लोकांचं कौतुक वाटतं. शिव्या देतात, पण पोहोचतात. ज्या गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावं लागायचं, त्या गल्लीतून आता बस जाते. तिथल्या बायकांनी कपडे वाळत घालायच्या तारा एक मजला वर नेल्या आहेत, आणि बस आली की खिडकीतून एक आजी ड्रायव्हरला डावीकडे-उजवीकडे करून आरशासारखी मदत करते. तो शिंपी आठवतो, ज्याचं दुकान या काठाला आणि गिऱ्हाइकं त्या काठाला? तो होडीत आडवा बांबू लावून शिवलेले कोट टांगून नेतो. लांबून पाहिलं तर बिनडोक्याची माणसं नदी ओलांडताहेत असं वाटतं. वाळू वाहायच्या होड्यांना कधी नव्हे ते बाक लागले आहेत. या सगळ्यांत तुझा प्रवास मी सगळ्यात बारकाईने पाहिला आहे, तुला न सांगता. त्याबद्दल लिहायचं आहे.

तुला माझं काम ठाऊक आहे, पण दादाला ते कधी नीट समजावता आलं नाही, म्हणून एकदा सरळ लिहिते. पुलाचा वरचा रस्ता आणि खालचा खांब यांच्यामध्ये जाड रबरी उशी असते. ऊन-थंडीने रस्ता थोडा पसरतो, आक्रसतो, ती हालचाल ही उशी सोसते. आपल्या पुलाचा मधला खांब एका अंगाने खचायला लागला आणि त्याच्यावरच्या उशा एका बाजूने चेपल्या. वरून काही दिसत नव्हतं. खाली खांबाच्या भेगेवर बसवलेली मोजपट्टी मात्र दर वेळी थोडी जास्त दाखवत होती. मी लिहून दिलं की वाहतूक थांबवावी. ती थांबली. त्यानंतर काही दिवसांतच तुला अवेळी कळा आल्या आणि तुझी मुलगी नदीपलीकडच्या इस्पितळात, काचेच्या पेटीत, नळ्या लावून जन्मानंतरचे दिवस मोजायला लागली. आईला तिथे रात्री राहू देत नाहीत, आणि बाळाला तुझंच दूध हवं. दादाची पावाची गाडी पहाटे निघते ती वळशाच्या रस्त्याने जाऊन दुपार उलटल्यावर परत येते. म्हणजे तुला एकटीला रोज तिकडे जायचं, पोटावर ताजे टाके घेऊन, माझ्या सहीमुळे बंद झालेल्या पुलाच्या कडेने.

तू जेवायला बोलावलंस त्या दिवसाचं मला आठवतं. दादा ताटावर बसल्या बसल्या म्हणाला, एका सहीने बंद झाला तर एका सहीने उघडेलही. सगळ्यांसाठी नको, घरच्या माणसाला पायी तरी सोड. मी त्याला सांगायला लागले की माणसांनी गच्च भरलेला पूल गाड्यांनी भरलेल्या पुलापेक्षा जड होऊ शकतो, आणि एकाला सोडलं की मागे गर्दी लागते. तो म्हणाला, पूल तुझा सख्खा आणि आम्ही सावत्र का गं? मला जे सुचतं ते सगळं आकड्यांतलं असतं. तेव्हा तू आमटीचा डाव आपटून म्हणालीस, आधी जेवा दोघं, पूल काही ताटात वाढलेला नाही. त्या दिवसापासून दादा बोलत नाही. तू बोलतेस, पण त्या विषयावर एक शब्दही नाही. मला वाटलं होतं, तू योग्य वेळेची वाट बघते आहेस. तू एकटी असताना विचारशील. मी उत्तरही तयार करून ठेवलं होतं.

तू विचारलं नाहीस. उलट मला म्हणालीस, इंजिनीअरीणबाई, एक दिवस सुट्टी काढा आणि माझ्याबरोबर चला, भाचीला तोंड दाखवा. मी आले. त्या दिवशी मी तुझ्या मागे दोन पावलं ठेवून चालत होते, कारण तू कशी चालतेस ते मला पाहायचं होतं. घाटाच्या पायऱ्या तू तिरकी होऊन उतरत होतीस, एका हाताने पोट धरून, आणि तोंडाने मात्र रांगेला शिस्त लावत होतीस. शाळेत खेळाच्या बाई असल्याचा एवढा उपयोग मी कधी पाहिला नव्हता. म्हातारी माणसं मध्ये, पोरं त्यांच्या मांडीवर, सायकलवाले शेवटी. होडीवाला स्वतःच्याच होडीत तुझी परवानगी घेऊन चढला. आणि मग तो छत्रीवाला गृहस्थ म्हणाला, कुठल्या दीडशहाण्याने हा चांगला पूल बंद केलाय कोण जाणे. मी पाण्याकडे बघायला लागले. तू मोठ्यांदा म्हणालीस, दीडशहाणा नाही हो काका, दीडशहाणी. ही काय माझ्या शेजारी बसलीय, माझी नणंद आहे, विचारा की तिलाच.

अख्खी होडी माझ्याकडे वळली. मी तुझ्यावर इतकी चिडले होते की बोलू शकले असते तर भांडले असते. काकांनी विचारलं, बाई, नक्की पडणार होता का तो? मी म्हटलं, नक्की सांगता येत नाही, म्हणूनच बंद केला. ते जिंकल्यासारखे म्हणाले, म्हणजे पडलाही नसता! त्यावर तू दुधाचा डबा मांडीवर सरळ करत म्हणालीस, काका, नक्की कळायचा एकच उपाय आहे. तुम्ही मधोमध जाऊन उभे राहा, आम्ही इथून बघतो. होडी हसली, काकाही हसले, आणि उतरताना त्यांनी मला हात दिला. वहिनी, माझ्या वरिष्ठांनी तीन बैठकांत माझी बाजू मांडली असेल, पण इतकी चांगली मांडली नव्हती.

त्या काठाला तू मला लाकडाच्या वखारीतून नेलंस. करवत चालवणाऱ्याने तुला पाहून यंत्र थांबवलं, तू जाईपर्यंत भुसा उडू नये म्हणून. इस्पितळाच्या मागच्या दारी धोब्याच्या गाडीवाल्याने विचारलं, राणीसरकार कशा आहेत? मला कळेना कोण राणीसरकार. वर गेल्यावर कळलं की सगळ्या नर्सा तिला तेच म्हणतात, कारण दूध यायला उशीर झाला की ती हातपाय झाडून दरबार भरवते. मी तिला काचेतून पाहिलं. काय वाटलं ते मला लिहिता येणार नाही. पेटीवरच्या तक्त्यात वजन लिहिलं होतं, ते तेवढं पाठ झालं. मग तू काचेच्या भोकातून हात आत घातलास आणि तिच्या पाठीवर नुसता ठेवलास. थोपटलं नाहीस, हलवला नाहीस. मी विचारलं, तर म्हणालीस, तिला अजून थोपटणं सोसत नाही, नुसतं वजन कळलं की पुरतं. भार आणि आधार यांवर मी पाच वर्षं शिकले. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हा विषय सुंदर आहे.

आता ज्यासाठी बसले ते. पुलाच्या तोंडाशी जो रखवालदार असतो, ज्याला सगळे मामा म्हणतात, तो आज दुपारी माझ्याकडे आला. म्हणाला, मॅडम, एक सांगू का, पण रागावायचं नाही आणि माझी नोकरीही घालवायची नाही. मग त्याने मला त्या वाऱ्याच्या दिवसाचं सांगितलं. त्या दिवशी नदीत होड्या सोडल्या नव्हत्या, आणि इस्पितळातून तुला फोन आला होता की बाळ मध्येच श्वास घ्यायचं विसरतं आहे, ताबडतोब या. हे मला तेव्हाच कळलं होतं. तू वळशाने गेलीस, पोहोचलीस, तोवर तिला यंत्रावर घेतलं होतं आणि ती सावरली, एवढंच तू मला नंतर सांगितलंस. त्याआधी तू पुलाच्या तोंडाशी आडव्या बांधलेल्या दोरीपाशी गेली होतीस, हे तू सांगितलं नाहीस.

मामा म्हणाला, ताई धावत आल्या, म्हणजे धावता येत नव्हतं तरी धावत आल्या. मी चेहरा बघितला आणि न विचारता दोरी वर धरली. म्हटलं, जा, मी दुसरीकडे बघतो. त्या खाली वाकल्यासुद्धा. मग थांबल्या आणि मला म्हणाल्या, मामा, याआधी कुणाला सोडलंत का? मी खोटं कसं बोलू? म्हटलं, नाही, एक आजोबा आले होते, त्यांची बायको तिकडे अतिदक्षता विभागात होती, त्यांना परत पाठवलं. तर म्हणाल्या, मग दोरी खाली घ्या. उद्या लोक म्हणतील, घरची म्हणून सोडली, आणि मग माझ्या नणंदेचं कुणी ऐकणार नाही. त्यानंतर, मामा म्हणाला, ताईंनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून पार्सलवाल्या पोराची दुचाकी अडवली आणि टाके असताना तिच्यावर बसून त्या खड्ड्यांच्या रस्त्याने गेल्या.

वहिनी, मी तेव्हा पुलाखालीच होते. त्याच खांबाशी, परांचीवर चढून, मोजपट्टी वाचत. तू वरून हाक मारली असतीस तर मला ऐकू आली असती.

मामा गेल्यावर मला जे करता येतं ते केलं, हिशोब मांडला. त्याचं उत्तर तुला सांगायलाच हवं, तुला आवडो न आवडो. तू त्या दिवशी पुलावरून गेली असतीस तर पूल पडला नसता. एकटी बाई, हातात डबा. त्या पुलाला ते कळलंही नसतं. तुला अर्ध्या तासाच्या आत तिच्यापाशी पोहोचता आलं असतं. आणि तू खाली येऊन मला विचारलं असतंस, तर माझं ते तयार ठेवलेलं उत्तर मला देता आलं नसतं. मी स्वतः तुझा हात धरून तुला पलीकडे नेलं असतं. आज दुपारपर्यंत मी स्वतःला याच्या उलट समजत होते. मी नियमाची पक्की आहे असं सगळे म्हणतात, दादाही म्हणतो, शिवीसारखं. पक्की मी नाही. मला कुणी त्या दोरीपाशी उभंच केलं नव्हतं. तू मला तिथे येऊ दिलं नाहीस.

उद्या सकाळी मला बैठकीत उभं राहायचं आहे. एक बाजू हलक्या गाड्यांसाठी उघडावी असं सगळ्यांचं म्हणणं आहे आणि प्रत्येकाकडे चांगलं कारण आहे, एकालाही खोटारडा म्हणता येणार नाही. शेवटी माझं मत विचारतील. मी नाही म्हणणार आहे. खांबाखाली नवा पाया घालेपर्यंत पूल बंद राहील, म्हणजे पुढचा उन्हाळा उजाडेल. ही बातमी तुला उद्या संध्याकाळी दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. तुझ्याबद्दल मी तिथे एक शब्द बोलणार नाही; तसं केलं तर तू दोरीपाशी थांबलीस त्याचा काही अर्थ उरणार नाही. दादाला मात्र तूच सांग, माझ्याकडून त्याला ते ऐकवणार नाही. डॉक्टर म्हणतात की राणीसरकारांचं वजन असंच वाढत राहिलं तर महिन्याभरात घरी सोडतील. तेव्हा पूल बंदच असेल आणि तिला त्या लांबच्या, खड्ड्यांच्या रस्त्याने आणावं लागेल. तो रस्ता मी परवा पुन्हा पायी पाहून येणार आहे, कुठे हळू घ्यायचं ते कळावं म्हणून. तुझी हरकत नसेल, तर त्या दिवशी गाडी मी चालवीन.

तुझीच,
नणंद