निषाद स्वारगेटला का पोचला नाही

४ नोव्हें., मंगळ.
ऑडिओ मालिकेचा शेवटचा भाग ऐकला. ऑफिसच्या बसमध्ये, कानात इअरफोन, डोळ्यांतून पाणी. शेजारचा माणूस जरा सरकून बसला.
शाल्मली बॅग घेऊन स्वारगेटला उभी. कोल्हापूरला जायचं, तिथे लग्न नोंदवायचं, सगळं ठरलेलं. निषाद वारज्याहून बसने निघाला आणि वाटेतून फोन: "ट्रॅफिकमध्ये अडकलोय गं, तू हो पुढे." ती एकटी गेली. गोष्ट संपली. पुढचा सीझन नाही, हेही त्यांनी जाहीर करून टाकलंय.
ऋचा (रूममेट. स्वयंपाक माझा, टोमणे तिचे) म्हणाली, "यायचं असतं तर चालत आला असता."
ऐकणाऱ्यांच्या ग्रुपवर पण सगळे त्याच्यावर तुटून पडलेत. मी एकटी त्याच्या बाजूने. तो निघाला होता. निघालेल्या माणसाला नालायक म्हणायचं नसतं, एवढंच माझं म्हणणं.

६, गुरु.
आईचा फोन. "कधी येते व तो पोट्टा? बाबा विचारून रायले."
दिवाळीत सौरभ चंद्रपूरला येणार होता, बाबांशी बोलायला. ऑफिसात नेमकं सॉफ्टवेअरचं रिलीज निघालं. त्याआधी त्याच्या आईंचा गुडघा. त्याच्याआधी काय होतं ते आता आठवतही नाही.
खरं कारण मला माहीत आहे. त्याच्या घरी मी फक्त ऑफिसातली प्राची. आम्ही बौद्ध. रामटेके म्हटलं की पुण्यात पुढचं काही विचारावं लागत नाही. दोन वर्षं झाली, त्याने आईंना माझं आडनाव सांगितलेलं नाही. बोलतो, बोलतो म्हणतो. माणूस वाईट नाही.
निषादला कोणी बोललं की मला का झोंबतं, हे लिहायची गरज नव्हती. तरी लिहिलं.

७, शुक्र.
ठरलं. मी टेस्टर आहे. सॉफ्टवेअरमधली चूक पुन्हा घडवून दाखवायची, त्याचाच मला पगार मिळतो. मग निषादचा उशीरही घडवून दाखवते. तीच वेळ, तीच बस, वारजे ते स्वारगेट. पोचले नाही की पुरावा ग्रुपच्या तोंडावर.

संध्या. – पोचले. गाडी सुटायच्या आधी आरामात चहा झाला.
ऋचा: "अभिनंदन."
एका टेस्टने काही सिद्ध होत नाही. परत जाणार.

११, मंगळ.
परत गेले. नळस्टॉपला बस मुंगीच्या पावलाने. आयुष्यात पहिल्यांदा ट्रॅफिकसाठी देव पाण्यात घालून बसले होते. डेक्कनला सिग्नल बंद, पोलीस गायब, सगळी चिन्हं शुभ.
तरी पोचले. कोल्हापूरची गाडी उभीच होती. कंडक्टर म्हणाला, "चला ताई, बसायचं का?" नाही म्हटलं. इतका राग आला. त्या कंडक्टरवर कशाला यायला हवा होता, पण...

१३, गुरु.
जमलं. उशीर झाला. गाडी गेलेली. रिकाम्या फलाटाचा फोटो ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, "बघा." फार बरं वाटलं.
घरी आल्यावर ऋचाने विचारलं, "कितवी बस पकडलीस?"
"दुसरी. पहिलीला गर्दी होती."
"किती गर्दी?"
मी भाजी ढवळत राहिले.
गर्दी नव्हती. बस समोर उभी, खिडकीची जागा दिसत होती, आणि मी मोबाईल काढून उगाच काहीतरी बघत बसले. मग मध्येच डेक्कनला उतरले. भूक नव्हती तरी वडापाव खाल्ला. उशीर मी केला. करायला काही लागतच नाही, प्रत्येक ठिकाणी जरासं थांबायचं. खोटंही बोलावं लागत नाही, कारण निघालेलो तर असतोच.
त्यानेही हेच केलं. शाल्मलीचं नि त्याचं जमणारच नव्हतं, पहिल्या भागापासून. मला ते दिसत होतं. ग्रुपवरचा फोटो काढून टाकला आणि लिहिलं की तो पोचू शकला असता, माझं चुकलं. मला तो अजून आवडतो, हे मात्र लिहिलं नाही.

१४, शुक्र.
कॅन्टीनमध्ये सौरभला सांगितलं. रविवारी सकाळी तुझ्या घरी येतेय. त्याआधी आईंना माझं पूर्ण नाव सांग. नाहीतर मी सांगेन.
"अगं, हा रविवार नको. मामा येणारेत. पुढच्या..."
"मी हाच म्हणाले."
भांडले नाही, आवाजही चढवला नाही. त्याला गमवायची भीती वाटते, खूप वाटते. पण जाणार.

१६, रवि.
कर्वेनगर. बेल वाजवली. दार त्याच्या आईंनी उघडलं. छान हसल्या. "अरे सौरभ, तुझ्या ऑफिसातली प्राची आलीये." म्हणजे सांगितलेलं नव्हतं.
तो आत होता. "आलो, दोन मिनिटं," एवढंच ऐकू आलं.
मी चपला काढल्या नाहीत. म्हटलं, "काकू, मी प्राची रामटेके. चंद्रपूरची. मला सौरभशी लग्न करायचंय."
आतल्या नळाचा आवाज बंद झाला. काकूंचा हात दाराच्या कडीवर होता, तो तिथेच राहिला.
"आडनाव काय म्हणालीस?"
परत सांगितलं. आधीपेक्षा मोठ्याने, आतपर्यंत जाईल असं.