पहिल्या नकारास अंतिम नकार समजल्याबाबत

प्रति,
मा. प्रादेशिक व्यवस्थापक (प्रवासी गाऱ्हाणी),
नभोयान इंटरनॅशनल,
मुंबई.

अर्जदार : हौशीराम कोंडाजी लोहोटे, सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक, मु. पो. डिंगोरे, ता. जुन्नर, जि. पुणे.

विषय : मुंबई ते न्यूयॉर्क प्रवासात पुढील वर्गातील आसनास अर्जदाराने शिष्टाचारापोटी दिलेला पहिला नकार अंतिम समजून सदर आसन अर्जदाराच्या पत्नीस दिल्याबाबत, व त्यामुळे अर्जदाराच्या घरी उद्भवलेल्या परिस्थितीबाबत.

संदर्भ : १) माझा तक्रार अर्ज, सप्टेंबर २००८. २) आपले दिलगिरीचे पत्र. ३) त्यास माझे उत्तर. ४) प्रकरण बंद केल्याचे आपले पत्र.

महोदय,

१. मी आळेफाटा बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून सबंध नोकरी केली. नाशिकची असो, नगरची असो, गाडी माझ्या सहीशिवाय फलाट सोडत नसे. आमदारांसाठी राखीव असलेल्या जागेवर आमदार नसताना कोणी बसावे, याचे निर्णय मी उभ्या उभ्या दिलेले आहेत आणि त्यावर कधी कोणाचा अर्ज आला नाही. तेव्हा संदर्भ क्र. २ च्या पत्रात आपण मला आसनव्यवस्थेचे नियम समजावून सांगण्याचा जो खटाटोप केला आहे, तो वाचून माझी करमणूक झाली. याउपर तो करू नये.

२. घटना आपल्या दप्तरी चुकीची नोंदलेली असल्याने पुन्हा लिहितो. चालू वर्षी फेब्रुवारीत मी व माझी पत्नी सौ. साळुबाई, अमेरिकेत राहणारी आमची मुलगी भागू हिच्याकडे, नातू शौर्य यास पाहण्यासाठी निघालो. विमानतळावरील आपल्या काउंटरवर एक मुलगी बसली होती. तिच्या नखांना रंग होता, बोलण्याला वळण नव्हते. आपण मागच्या वर्गाची तिकिटे जागांपेक्षा जास्त विकून बसला होतात, हे तिनेच सांगितले. (आमच्याकडे जास्तीचे प्रवासी निदान उभे तरी राहू शकतात.) मग ती मला म्हणाली, "अंकल, बिझनेस क्लास में एक सीट दे सकती हूँ. आप लेंगे?"

मी म्हणालो, "नको, नको. राहू द्या."

३. येथे आपल्या कार्यालयाच्या अज्ञानास सुरुवात होते. आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात कोणी काही देऊ केले की पहिल्यांदा नको म्हणायचे असते. उपाशी माणूससुद्धा "आत्ताच जेवून आलो" म्हणतो. मग समोरच्याने "असं कसं, घ्या की" म्हणायचे. आपण पुन्हा नको म्हणायचे, पण जरा हळू आवाजात. त्यानंतर तो हाताला धरून बसवतो आणि मग बसायचे. यात देणाऱ्याचीही शोभा राहते आणि घेणाऱ्याचीही. जो पहिल्याच विचारण्याला हो म्हणतो त्याला आम्ही हावरट म्हणतो, आणि जो दुसऱ्यांदा विचारत नाही त्याच्याकडे आम्ही परत जात नाही. लहान पोरांनाही हे शिकवावे लागत नाही. आपल्या विमान कंपनीला ते या वयात शिकवण्याची वेळ माझ्यावर आली आहे.

माझे मित्र श्री. पीरमहंमद, जुन्नरच्या बाजारपेठेतील कापड व्यापारी, यांनी माझ्या विनंतीवरून निवेदन दिले आहे. ते म्हणतात, "लोहोटे सायेब आमच्या घरी आले की पहिल्यांदा नकोच म्हनतात. ते नको म्हनले की आमची घरवाली कमरजहाँ आतून शीरखुर्म्याचा वाटा भरूनच आनते. ते नको म्हनले नाहीत तर आमाला वाटंल, तब्येत बरी नाय." हा माणूस शाळेत चौथीच्या पुढे गेला नाही. आपल्या काउंटरवर बसायला मात्र पदवी लागते असे ऐकतो.

४. त्या मुलीने माझ्या नकारानंतर श्वास घेण्याइतकाही वेळ न दवडता मान वळवली आणि माझ्या पत्नीस विचारले, "आंटी, आप?"

साळुबाई म्हणाली, "व्हय, बसते की."

माझ्याकडे न पाहता म्हणाली. मी हे मुद्दाम नमूद करतो, कारण संदर्भ क्र. २ मध्ये आपण "पती-पत्नीच्या परस्पर संमतीने" असे लिहिले आहे. तशी कोणतीही संमती झाली नाही.

५. विमानात शिरताना मागच्या वर्गातल्या लोकांना पुढच्या वर्गातून नेण्याची आपली पद्धत मला अत्यंत हलकट वाटली. आधी गाद्या दाखवायच्या आणि मग बाकड्यांकडे हाकलायचे. तेथे साळुबाईच्या पलीकडे एक आसन रिकामे दिसले. मी रीतसर त्यावर उपरणे टाकले. उपरणे टाकले की जागा धरली गेली, हा नियम उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दहा मिनिटांत आपली एक हवाई सुंदरी ते उपरणे घडी घालून, प्लास्टिकच्या पिशवीत भरून, दोन बोटांनी धरून मागे माझ्याकडे घेऊन आली. "सर, आपलं काहीतरी पडलं होतं," असे ती म्हणाली. ते पडलेले नव्हते, महोदय. ते टाकलेले होते.

६. यानंतरचे सोळा तास मी मधल्या रांगेत मधल्या खुर्चीत काढले. एका बाजूस कॉम्प्युटरवाला तरुण होता. तो विमान हलण्यापूर्वी झोपला आणि त्याचे डोके माझ्या खांद्यावर आले ते न्यूयॉर्कलाच उचलले गेले. दुसऱ्या बाजूस एक गृहस्थ होते, त्यांनी मधला हात टेकायचा दांडा पहिल्या मिनिटाला बळकावला. गुडघे पुढच्या खुर्चीला टेकलेले, आणि पुढच्याने खुर्ची मागे टाकल्यावर त्याच्या टकलावर मला तेल लावता आले असते. जेवण म्हणून पाव, त्याच्याशेजारी आणखी एक पाव, आणि झाकणाखाली पिवळे काहीतरी आले. मी नको म्हणालो. ते लगेच उचलून नेण्यात आले. अशा रीतीने मी अटलांटिक महासागर उपाशी ओलांडला.

मध्ये एकदा, पत्नीच्या गुडघ्याच्या गोळ्या माझ्या खिशात राहिल्याने, मी पुढे गेलो. दोन वर्गांच्या मध्ये आपण पडदा लावता. (एवढा खर्च करता तर दार तरी लावावे.) पडद्याआडून मला साळुबाई दिसली. पाय लांब केलेले, पायात आपण दिलेले मोजे, डोक्यावरून पदर घेऊन ती गादीवर रेलली होती आणि एक गोरी बाई तिच्या अंगावर पांघरूण सारखे करीत होती. मी गोळ्या दिल्या. ती म्हणाली, "जा तुमी. माजं लई झ्याक हाय. आवं, हितं उठून कुनाला वाढायला लागत न्हाई." मग त्या गोऱ्या बाईने हसत हसत पडदा ओढला. मला इतका अपमान नोकरीत कधी वाटला नव्हता.

परतीच्या प्रवासात आम्ही दोघेही मागे होतो. शेजारी शेजारी होतो, त्यामुळे त्याबाबत तक्रार नाही.

७. आता मूळ गाऱ्हाणे. आपल्या विमानाने माझे घर बिघडवले आहे.

आमच्या लग्नाला चाळीसच्या वर वर्षे झाली. इतकी वर्षे ताटावर पुढीलप्रमाणे कामकाज चालत असे : "भाकरी घेता?" "नको." "आवं, घ्या की आर्दी." "नको म्हटलं ना." "घ्या गुमान," असे म्हणत भाकरी ताटात पडलेली असे. आता पुढीलप्रमाणे चालते : "भाकरी घेता?" "नको." "बरं." आणि टोपले उचलले जाते. रविवारी रस्सा असला तरी तसेच. चहाचेही तसेच. हा "बरं" आमच्या घरी पूर्वी नव्हता. तो आपल्या पुढच्या वर्गातून आला आहे. मला भूक लागते हे मी या अर्जाद्वारे प्रथमच लेखी कळवीत आहे. आळेफाटा स्थानकावरील वजनाच्या यंत्राचे तिकीट सोबत जोडले आहे; मागील बाजूस छापलेले माझे भविष्य उत्तम आहे, पुढील बाजूचे वजन तसे नाही.

आपण म्हणाल, मग हो म्हणा. आपण तेच म्हणणार. या वयात स्वतःच्या घरी मागून खायचे, हे आपल्यासारख्यांना सुचू शकते.

मी पत्नीचा जबाब घेतला. तो जसाच्या तसा देत आहे : "मला इचारलं, मी व्हय म्हनलं. पाय दुखत व्हते. तुमाला हवं व्हतं तर हवं म्हनायचं. मी जल्मभर तुमाला दोन-दोनदा, तीन-तीनदा इचारत आले. मला कुनी एकदा तरी इचारलं का, तू बसती का, तू जेवती का? त्या पोरीनं इचारलं. लई गुनाची पोर." शेवटच्या भागाचा या प्रकरणाशी काही संबंध नाही, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, तेवढेच लिहा, बाकीचे खोडा. मी काहीच खोडलेले नाही.

गावात तर विचारूच नये. बायका दुपारी गोळा होतात आणि साळुबाई त्यांना विमानात तोंड पुसायला मिळालेल्या गरम रुमालाची हकीकत सांगते. कालच आमच्या शेजारच्या ठकूबाईने तिच्या नवऱ्याला पहिल्या नकारावर चहाविना शेतात पाठवले. हे लोण तालुक्यात पसरले तर त्याची जबाबदारी पूर्णतः आपल्या कंपनीवर राहील.

८. आपला पत्रव्यवहार तर हसण्याजोगा आहे. संदर्भ क्र. २ मध्ये आपण पुढील प्रवासात मला पुढच्या वर्गातील आसन सदिच्छा म्हणून देऊ केलेत. मी संदर्भ क्र. ३ मध्ये लिहिले, "त्याची काही आवश्यकता नव्हती, आपण उगाच तसदी घेतलीत." कोणत्याही साक्षर माणसास हा होकार वाटला असता. आपण उलट टपाली माझ्या समजूतदारपणाबद्दल आभार मानलेत आणि फाईल बंद केलीत. ज्या चुकीबद्दल दिलगिरी व्यक्त केली, तीच चूक दिलगिरी व्यक्त करताना केलेली मी सरकारी नोकरीतसुद्धा पाहिली नव्हती.

९. त्यानंतर दिवाळी झाल्यावर भागूचा फोन आला. तिला दिवस गेले आहेत, मुलगी झाल्यास आरोही नाव ठेवणार आहेत. बाळंतपणासाठी आईला बोलावते म्हणाली. मग मला म्हणाली, "बाबा, तुम्हीपण येता का?" मी म्हणालो, "मी कशाला? कांद्याला पाणी कोण देणार?" ही मुलगी डिंगोऱ्यात वाढली. लहानपणी मी नको म्हटल्यावर माझ्या तोंडात बोर कोंबणारी ही मुलगी. ती म्हणाली, "ओके बाबा," आणि आपल्याच कंपनीचे एक तिकीट काढून मोकळी झाली. एकच. साळुबाई जानेवारीत सहा महिन्यांसाठी जात आहे.

साळुबाईने मला विचारले, नाही असे नाही. पिशवीत मेतकुटाचा डबा ठेवताना म्हणाली, "तुमी येता का?" मी म्हणालो, "नको." ती म्हणाली, "बरं," आणि डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवला.

१०. सबब विनंती की,

(अ) आपल्या कंपनीने सौ. साळुबाई यांना मराठीतून पत्र लिहून कळवावे की एकदाच विचारण्याची पद्धत फक्त विमानापुरती असून ती घरी लागू नाही.

(ब) आपल्या काउंटरवरील सर्व कर्मचाऱ्यांना आठवडाभर आमच्या भागातील कोणत्याही घरी जेवायला पाठवावे. सोय मी करतो.

(क) आपण माझ्या मुलीस फोन करून सांगावे की कंपनीच्या नजरचुकीने वडिलांचेही तिकीट निघालेले आहे व ते आता रद्द होत नाही. कांद्याच्या पाण्याची व्यवस्था मी केलेली आहे. शेजारी जानकू पाहील.

११. यातले (अ) आणि (ब) आपल्याच्याने होणार नाही हे मी जाणतो. तेवढी कुवत आपल्या कंपनीत मला दिसली नाही. (क) मात्र करावे. मुलीशी आणि बायकोशी मी स्वतःहून माघार घेऊन बोलू शकत नाही, आणि सहा महिने मला या घरात "बरं" म्हणायलाही कोणी राहणार नाही. तिच्या शेजारची जागा रिकामी असेल तर ती मला हवी आहे. ती कोणत्या वर्गात आहे याची मी चौकशी करणार नाही.

आपल्या कार्यालयातून कोणीही, त्या नखे रंगवलेल्या मुलीनेसुद्धा, मला एकदा फोन करून विचारावे. एकदाच विचारले तरी चालेल. मी हो म्हणेन.

आपला, अजून तरी नम्र,

(सही)
हौशीराम कोंडाजी लोहोटे
डिंगोरे, दि. १५ डिसेंबर २००८

सोबत :
१) श्री. पीरमहंमद यांचे निवेदन.
२) उपरणे परत केलेली प्लास्टिकची पिशवी (रिकामी).
३) वजनाचे तिकीट.
४) सौ. साळुबाई यांचा जबाब, अंगठ्यासह.
५) माझ्या पासपोर्टची व व्हिसाची छायाप्रत. दोन्हींची मुदत अजून शिल्लक आहे.