जॅकचं स्पॅनिश

३ मार्च
आजपासून मी अनुवादक. मेहुण्याच्या कारखान्यात जॅक बनतात. पंक्चर झालं की गाडी उचलायला लागतो, तो. पहिलीच परदेशी ऑर्डर आली आहे, तीही स्पॅनिश बोलणाऱ्या देशातून. सोबतची माहितीपुस्तिका इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये करायची. मेहुणा एजन्सीकडे निघाला होता. बायकोने अडवलं. म्हणाली, घरात तुझे दाजी असताना बाहेर कशाला?
खरंच आहे. चार महिने क्लास केलाय. वर्गात बाकीचे अडखळत बोलतात, मी फाडफाड. समोरच्याला कळत नाही, हा त्याचा कच्चेपणा.
संकल्प: रोज चार पानं. आठवड्यात खलास.

५ मार्च
पानं: शून्य. पण खुर्ची बदलली. जुनीत बसून स्पॅनिश सुचत नव्हतं.

८ मार्च
आज मात्र सुसाट! इंग्रजी मोठी गरीब भाषा. एकाच शब्दाला दहा कामांना जुंपतात. डिक्शनरीत 'नट'ला दोन शब्द: तुएर्का आणि नुएस. तुएर्का कानाला टोचतो. नुएस गोड. नुएस घेतला. वॉशरला लावादोरा. सीलला फोका. स्प्रिंगला प्रिमावेरा! काय शब्द आहे! तीनदा मोठ्याने म्हटला. शेजाऱ्यांनी खिडकी लावली.

११ मार्च
अडलो. खुद्द 'जॅक'लाच. डिक्शनरी म्हणते, गातो. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, कोण गातो?
पण गातो म्हणजे मांजर! पहिल्याच धड्यात होतं. गाडीखाली मांजर घालून गाडी कशी उचलणार? क्लासच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, तिकडे जॅकला गातोच म्हणतात, हवं तर पुस्तिका पाठवा, नजर टाकते. कीव आली. भाषा येते बिचारीला, यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. नम्रपणे टाळलं. उगाच चुका घालून ठेवायच्या.
तोड मीच काढली. जॅक हे माणसाचं नाव. नावाचं भाषांतर करत नाहीत. फक्त आधी 'सेन्योर' लावलं. परक्या देशात मान राखलेला बरा.

१७ मार्च
झाली! मेहुण्याने विचारलं, दाजी, कुणाला दाखवलीत का, सगळं या ऑर्डरवर आहे हो. म्हटलं, निर्धास्त राहा. बायकोने माहेरच्या सगळ्यांना फोन केले.
पुढचं लक्ष्य: फ्रेंच. नाहीतर जपानी.

२२ एप्रिल
मेहुणा आला. चहा नको म्हणाला. तिकडच्या डीलरने माझ्या स्पॅनिशचा अर्थ कळवलाय, तो वाचून दाखवला:
'श्रीयुत जॅक यांना गाडीखाली घाला. अक्रोड घट्ट पिळा. त्याखाली कपडे धुण्याचं मशीन बसवा. वसंत ऋतू दाबून धरा. सील मासा गळत असल्यास ताबडतोब बदला.'
खाली डीलरचे प्रश्न. श्रीयुत जॅक प्रत्येक खोक्यासोबत येणार, की इथेच नेमायचे? सुटा सील मासा मिळेल का?
बायको हसता हसता सोफ्यावरून खाली आली. म्हणाली, नट म्हणून सिनेमातला घातला नाहीत, हे नशीब!
मेहुणा हसला नाही. नीट पुस्तिका मिळेपर्यंत माल गोदामात पडून राहणार, म्हणाला. मग तीही उठून नीट बसली. शब्द तिने टाकला होता.
माझं मत: छापखान्याची चूक.

२४ एप्रिल
छापखान्याची नाही. मग डीलर आडगावचा असणार. शुद्ध स्पॅनिश कानावर पडलेलं नसेल.
पुन्हा करून देतो म्हणून मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, दाजी, तुम्ही आता फक्त काही करू नका.
बायको दोन दिवस 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलतेय. या दोन्ही शब्दांत संदिग्ध काही नाही.

६ मे
बाईंना फोन करायचं ठरवलं. केला नाही. त्या कामात असतील.

१९ मे
माल सुटला. डीलर खूश. मेहुण्याने नवी पुस्तिका बायकोकडे दिली, तिने ती माझ्यापुढे ठेवली.
एकही शब्द नाही. कुठल्याच भाषेत. नुसती चित्रं आणि बाण.
पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिली. जॅक कसा चालतो, ते मला आज कळलं.