फक्त तुझीच सीमा

रेवी,

किल्ली नेहमीच्या जागी सापडली असेलच. आम्ही सगळे बाबांजवळ आपल्या कुळाच्या सभाघरी, मराएवर आहोत. माती देईपर्यंत त्यांना एकटं ठेवायचं नसतं, हे तुला सांगायला नको. शेगडीवर डुकराच्या मटणाचा रस्सा आहे, गरम करून खा आणि मग ये.

बाबांचा कॉम्प्युटर बंद करू नकोस. तुमचा तो राज्यांचा गेम तसाच उघडा आहे. लढाई त्यांना कधी जमलीच नाही. संग्रहालयं बांधायची, सीमा उघड्या ठेवायच्या, मग सगळ्या राज्यांतली माणसं आपणहून बघायला येतात आणि आपण जिंकतो, हेच त्यांचं चालायचं. सगळीकडून प्रवासी यायला लागले होते, तुझं राज्य सोडून. ‘सीमा उघड’ ही त्यांची विनंती अजून पडद्यावर आहे. तू फोनवर म्हणालास, “कोण येणार आहे हो म्हातारबा, तुमची भांडीकुंडी बघायला!” ते हसले. पण मग त्यांनी तुला फोन केला नाही, आणि तूही नाही.

आता येऊन बघ कोण येतंय ते. बाबांबरोबर बोटीवर काम केलेले सगळे आले. जमिनीवरून भांडलेले हाउरंगी काकासुद्धा येऊन रडून गेले. येणाऱ्या प्रत्येकाला गेटपासून आत बोलावायच्या हाका देऊन पारेआत्याचा घसा बसलाय.

थेट आत घुसू नकोस, गेटपाशी थांब. तुला हाक द्यायला आत्याने आवाज राखून ठेवलाय.

सगळे आले रे. तूच राहिलायस.

हुहाना