आत्याचे धवले उतरवताना

मंगळ., ४ फेब्रु., बोईसर
मुरब्याहून आत्याच्या सुनेचा व्हिडिओ फोन. आत्या शेजारी, खुणा करत. घशाच्या ऑपरेशनात तिचा आवाज गेला तो गेलाच. गावची धवलारीण, म्हणजे लग्नविधींची गाणी, धवले, गाणारी; तिने धवला गायल्याशिवाय मुरब्यात कुणाला हळद लागली नाही. रविवारी नातीचीच हळद, आणि हिच्या आवाजातले धवले फक्त एका लोकगीत-संग्राहकाच्या साइटवर, जुन्या रेकॉर्डिंगमध्ये. ती साइट शनिवारनंतर बंद. उतरवून देतो म्हणालो. फार मोठ्याने म्हणालो.

बुध., ५
ब्राउझरने एकेक फाइल अर्ध्यावर टाकली. शेजारचे पांडेजी कंपनीतले कॉम्प्युटर सांभाळतात. "भाईसाब, टर्मिनल खोलो." काळ्या पडद्यावर हुकूम टायपायचा, फाइल हजर. या वयात हॅकर! सौ. : "मग गॅस पन मागवा हुकूम देऊन."
फाइली उतरवणारे तीन हुकूम पांडेजींनी लिहून दिले. आता त्यातला कोणता? कर्ल, एरिया की डब्ल्यूगेट? लग्न ठरवताना एवढा विचार केला नव्हता.

गुरु., ६
एरिया!! एकेक फाइल तुकडे करून एकदम ओढतो. लग्नाचा धवला डोळ्यांदेखत घरात. डोक्यात हवा गेली. बाकी सगळे एकदम लावले. साइटने दारच लावलं. प्रवेश नाकारला.
सौ., माहेर सातपाटी : "सगली जाळी एकदम टाकलीत? तुमाला एकट्यालाच मासे पायजेत काय?"

शुक्र., ७
सकाळी साइटने दार उघडलं. कर्ल लावला. सज्जन माणूस, सांगाल तेवढंच करतो. हळदीचा धवला येत होता आणि वीज गेली, वायफाय गेलं. शुक्रवारी इथे लाइट जाते हे बोईसरात कुत्र्यामांजरांनाही ठाऊक. कर्ल गप्प. पुढे काय, ते मीच सांगायचं.
संध्याकाळी डब्ल्यूगेट. तुटलं की स्वतःच परत जाऊन दार वाजवतो, राहिलं तिथून पुढे आणतो, दोन फाइलींमध्ये दम खातो. ठरलं. हाच!

शनि., ८, मुरबे
सगळे आले. हळदीचा तेवढा अर्धाच. साइट उत्तर देईना. सौ. आणि लॅपटॉप घेऊन आत्याकडे आलो, मोबाइलचं नेट जोडलं, अर्धा तर अर्धा, लावला. काय आवाज! ओटीवरच्या बाया हातातलं टाकून आत आल्या. आणि ओळीच्या मध्येच तुटला.
आत्याचे ओठ मात्र थांबले नाहीत. सौ. त्या ओठांकडे बघत पुढची ओळ म्हणू लागली. आत्याने तिच्या गुडघ्यावर चापट मारली. चूक.
सौ. : "आत्ये, परत करा ना तोंड. हळू."
डब्ल्यूगेट अजून दार वाजवतोय. हळद उद्या. सौ. पुन्हा चुकली, पुन्हा चापट, बाया हसतायत. पडद्याकडे बघायचं की या दोघींकडे, मला काही कळत नाही.