शेखांचा कसीदा आणि सुहैलची विहीर

१२ नोव्हेंबर १९६४, गुरुवार

शेखांची लँडरोव्हर सकाळीच न्यायला आली. शारजा, अजमान मागे टाकत वाळूवरून सरळ. हाडं खिळखिळी. नूराला आज ग्रामर नको होतं. "स्टोरी, मुअल्लिमा!" (मुअल्लिमा म्हणजे मी, तिची इंग्लिशची बाई.) सोळा वर्षांची शेखांची लेक, तिला नाही कोण म्हणणार! कॉलेजातलं लॅटिनचं पुस्तक बरोबर होतंच. (माझे बावा म्हणत होते फारसी घे. मी हट्टाने लॅटिन घेतलं. बरंच केलं.)

रोमची गोष्ट सांगितली. जळतं शहर, म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन निघालेला सरदार, समुद्र, वाटेत त्याच्यावर जीव लावणारी राणी. तिला टाकून तो पुढे जातो, कारण देवांची आज्ञा. त्याच्या वंशजांनी रोम वसवायचं असतं.

नूरा : "ही लेफ्ट हर? अँड ही इज द हीरो?"

म्हटलं, हो. कारण हे काव्य ज्या बादशहाच्या राज्यात लिहिलं गेलं, तो स्वतःला त्याच सरदाराचा वंशज म्हणवून घ्यायचा.

पोरीने भुवई उचलली. हुशार आहे.

१५ नोव्हें., रविवार

खुद्द शेखांनी बोलावलं. मी पडद्याआड, ते पलीकडे. तरुणपणी मोती विकायला मुंबईत असायचे, हिंदी झकास.

"बाई, नूरा बोलती है, रोम में एक शायर ने बादशाह का खानदान देवताओं तक पहुँचा दिया. सच?"

"सच, हुजूर."

खूप हसले. मग मुद्द्यावर आले. पुढच्या महिन्यात तेल शोधणाऱ्या कंपनीचे साहेब येणार, करारावर सह्या, मोठी मेजवानी. त्या दिवशी अबू सालेम नवा कसीदा, म्हणजे स्तुतीचं काव्य, म्हणणार. अबू सालेम म्हणजे शेखांचे पदरचे कवी. सारी उमर मोत्यांच्या बोटींवर गाण्यात गेली, आता शेखांची स्तुती करतात. कसीद्याचं इंग्लिश मी करायचं. पुरुषांत वाचायचं आमच्या ह्यांनी, दाऊदनी.

लगेच हो म्हटलं. इथल्या सहा वर्षांत अरबी पक्की झालीय. या किनाऱ्यावर हे काम माझ्याहून चांगलं कोण करणार?

१९ नोव्हें., गुरुवार

अबू सालेमनी कसीदा ऐकवला. काय आवाज! लाटेसारखा वर चढतो, मग पायाशी येऊन पसरतो. मजकूर असा : शेखांचे वालिद तहानेने व्याकूळ, वाळवंटात वाट चुकलेले. त्यांच्या उंटाने पाय आपटला आणि गोडं पाणी उसळलं. आकाशातून आवाज, ही जमीन तुझी आणि तुझ्या लेकरांची.

पडद्याआड माझ्याशेजारी शेखांची आत्या, मोझा. कॉफी ओतता ओतता थांबली.

"उंट? विहीर माझ्या भावानं खणली. सुहैलनं. हातांची सालं निघाली होती त्याच्या. मीच तेल लावायची."

मग हळूहळू सगळं बोलली. सुहैल म्हणजे शेखांचे सख्खे काका. पाणी लागलं, वस्ती वाढली, आणि थोरल्या भावाने, म्हणजे शेखांच्या वालिदनी, सुहैलला हाकलून दिलं. तेव्हापासून तो मुलांसकट अजमानला. त्याची मुलं अजून म्हणतात, विहीर आमची, भोवतालची जमीनही आमची.

आणि साहेबांना तेलासाठी भोकं पाडायची आहेत ती नेमकी तिथेच.

आता कळलं, कसीद्यात उंट का आला.

२२ नोव्हें., रविवार

भाषांतर झालं. उंट इंग्लिशमध्येही छान चालतो.

दाऊदना मोझाबीबीचं बोलणं सांगितलं. ते सुका बांगडा भाजत होते, हातातला चिमटा तसाच राहिला. "शेखांचा सगळा माल आमच्या ऑफिसमधून उतरतो. हे डोक्यात असू दे. तुला पोरीला शिकवायला ठेवलंय की शेखांना?"

म्हटलं, विचारतात तेव्हा शिकवते.

"सकीना, तू ना..." बांगडा करपला.

२६ नोव्हें., गुरुवार

आज मी बोललेच. शेख, अबू सालेम दोघेही होते.

शेखांनीच विचारलं, रोमच्या काव्यातलं अजून काय उचलता येईल? म्हटलं, हुजूर, तो बादशहाही आपल्याच लोकांशी लढून गादीवर आला होता. त्यालाही लोकांना सांगायचं होतं की हे देवानेच ठरवलं होतं. कवीने ते सांगितलं. पण टाकून दिलेल्या राणीलाही काव्यात रडू दिलं. आणि शेवटच्या पानावर ना जयजयकार, ना राज्याभिषेक. हरलेला शत्रू गुडघ्यावर, जीवदान मागतोय. सरदार त्याला मारतो.

"फिर?"

"फिर कुछ नहीं. खलास."

"बादशाह ने शायर का सर नहीं काटा?"

"नहीं हुजूर. शायर मरते वक़्त बोला, इसे जला दो. बादशाह ने जलाने नहीं दिया."

"क्यों?"

"जिस काव्य में हारा हुआ भी रोता है, लोग उसी पर यक़ीन करते हैं."

(हे वाक्य आधी ठरवलेलं नव्हतं. तिथल्या तिथे सुचलं. खूश आहे मी स्वतःवर.)

शेखांच्या तसबीहच्या मण्यांची टकटक थांबली. मग म्हणाले, सुहैलचं नाव माझ्या कसीद्यात येणार नाही. मी तर सुहैलचं नावही काढलं नव्हतं!

निघताना अंगणात अबू सालेमनी गाठलं. "त्या कवीला जाळायचं का होतं? खोटं लिहिलं म्हणून, की अपुरं राहिलं म्हणून?"

म्हटलं, कुणाला माहीत नाही.

"मला माहीत आहे," म्हणाले. पण ड्रायव्हर यल्ला यल्ला करत हॉर्न वाजवायला लागला. राहिलंच.

१० डिसेंबर, गुरुवार

मेजवानी. बकरे, भाताची ताटं, साहेबांना खुर्च्या. आम्ही बायका जाळीआड. दाऊद नव्या कोटात, घामाघूम.

अबू सालेम काठी टेकून उभे राहिले. उंट आला, पाणी आलं, आकाशातला आवाज आला. इथे कसीदा संपायचा होता. ते थांबले नाहीत.

उंटाने जागा दाखवली, पण उंटाला हात नसतात.
पाण्यापर्यंत सुहैलचे हात गेले, आणि ते हात आज रिकामे आहेत.

सगळी मजलिस गार. पेल्यांचा आवाज नाही. मोझाबीबीने ओढणी तोंडात कोंबली, तरी हुंदका बाहेर आलाच.

शेखांचा चेहरा मला दिसत नव्हता. आवाज आला, "पुन्हा."

अबू सालेमनी त्या दोन ओळी पुन्हा म्हटल्या. जरा सावकाश.

मग दाऊदनी इंग्लिश वाचलं. उंटासकट, सुहैलशिवाय, जसं टाइप केलं होतं तसंच. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना मला गावंसं वाटत होतं.

१३ डिसें., रविवार

गाडी आली नाही.

दा. : "बघ."

मी : "गुरुवारी येईल."

१७ डिसें., गुरुवार

आली.

अबू सालेम गावात नाहीत. मेजवानीच्या दुसऱ्याच दिवशी शेखांच्या स्वतःच्या गाडीने अजमानला गेले. हाकलून दिलं, की सुहैलकडे निरोप घेऊन पाठवलं? ड्रायव्हर म्हणतो हाकललं. मोझाबीबीने डोळ्यांत सुरमा घातलाय आणि पाहुण्यांच्या खोलीत नव्या गाद्या घालून घेतेय. नूरा खांदे उडवते, "फादर सेज नथिंग."

धडा चालू असताना पडद्यापलीकडून शेखांचा आवाज.

"बाई, साहब लोग पूछते हैं, उस दिन सब चुप क्यों हो गए? काग़ज़ में तो ऐसा कुछ नहीं."

मी म्हटलं, "तो काग़ज़ अधूरा है, हुजूर. पूरा कर दूँ?"

"यल्ला, लड़की को पढ़ाओ." पावलं लांब गेली.

ना हो, ना नको.

घरी येऊन पूर्ण केलं. अख्खा कसीदा एकटाकी झाला होता, या दोन ओळींनी सारी दुपार घेतली. 'रिकामे' काही केल्या इंग्लिशमध्ये बसेना. शेवटी साधाच शब्द घेतला. टाइप केलं, सुहैलच्या नावासकट, आणि दाऊदसमोर ठेवलं. म्हटलं, रविवारी घेऊन जाणार आहे. वाचायची वेळ आलीच तर तुम्हीच वाचायचं.

उभ्याउभ्याच वाचलं त्यांनी. दोनदा. मग चष्मा काढून म्हणाले, "शेवटची ओळ जरा घाईत संपते."

वाचायला नाही म्हणाले नाहीत.