लिसिनियस घराण्यातल्या मुली आणि आमची आई

प्रिय नाना,

काल इथे जर्मनीत, आमच्या एर्लांगेनच्या घरी तुमच्या नातीचं बारसं झालं. सदाकाका पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होते आणि रागावून फोन ठेवला त्यांनी. ते तुमच्या फोटोसमोर उभे राहून तक्रार करतील, त्याआधी माझ्याकडून ऐका.

तुम्ही दोघं इथे आला होता तेव्हा आपण ट्रेनने रेगेन्सबुर्गला गेलो होतो, आठवतंय? संग्रहालयात एक रोमन शिलालेख दिसला आणि तुमच्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला. लिसिनियस घराण्याची गोष्ट तुम्ही किती रंगवून सांगितलीत! सामान्य, प्लेबियन माणसं. सर्वोच्च पद फक्त उमरावांना मिळायचं, ते या लोकांनी वर्षानुवर्षं भांडून सर्वांना खुलं करून घेतलं. नावं मोजकीच, पब्लियस, गायस, मार्कस, तीच पुन्हा पुन्हा. म्हणून वर टोपणनाव. कुणी क्रासस, म्हणजे जाड्या. कुणी काल्वस, म्हणजे टकल्या. "आपल्यातही टकले आहेतच की," असं म्हणून तुम्ही स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवलात.

तेव्हा आईने विचारलं, "आणि त्यांच्या मुलींची नावं?"

"लिसिनिया. सगळ्यांचं तेच. दोघी असल्या तर थोरली लिसिनिया, धाकटी लिसिनिया."

"अहो, मग त्यांचं स्वतःचं असं काय?"

तुम्ही हसलात आणि पुढच्या दगडाकडे गेलात. का हसलात, नाना? हक्कासाठी भांडणाऱ्या घराण्याने घरातल्या मुलींना साधं नाव देऊ नये, हे तुम्हाला खटकलं कसं नाही?

परतीच्या ट्रेनमध्ये आई म्हणाली, "मी एकोणीस वर्षं यमुना होते. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने सुलभा लिहिलं, झालं." तुम्ही शेजारीच होतात. "पद्धत होती तशी," एवढंच बोललात आणि खिडकीबाहेर पाहत राहिलात. तुम्ही वाईट नवरा नव्हतात. पण त्या दिवशी तिच्याकडे बघायला हवं होतं तुम्ही.

तुम्ही गेल्यावर आई माझ्या बाळंतपणासाठी इथे आली. मुलगी झाली. मी आईला म्हटलं, "हिचं नाव यमुना ठेवते. तुझं नाव परत घरात येईल."

मला वाटलं, तिचे डोळे भरून येतील. ती लंगोट वाळत घालत होती. म्हणाली, "नको. तिला तिचं नाव दे. माझं मला हवंय."



म्हणून काल दोन नावं ठेवली. पाळण्यात रेवा. मग माझ्या नवऱ्याने आईला पाटावर बसवलं आणि मी तिच्या कानात 'यमुना' म्हणून कुर्रर्र केलं. जमलेल्या मैत्रिणी आधी हसल्या, मग एकेक करून तिला ओवाळायला पुढे आल्या. वरच्या मजल्यावरच्या जर्मन आजीबाईंना कुणीतरी समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणाल्या आणि आईचा हात हातात घेतला.

सदाकाका मात्र भडकले. "वहिनी, दादाने दिलेलं नाव टाकताय? तो जाऊन वर्षही झालं नाही."

आई शांतपणे म्हणाली, "भावोजी, ह्यांनी देताना मला विचारलं नव्हतं. मी घेताना कुणाला विचारणार नाही."

तुम्हाला वाईट वाटलं असेल तर वाटू दे. तुम्ही असता तर हे तोंडावर बोलले असते. आणि मला वाटतं, दोन दिवस अबोला धरून तिसऱ्या दिवशी तुम्हीच तिला यमुना म्हणून हाक मारली असतीत. ती ऐकायची राहून गेली, याचाच राग जास्त आहे.

आता माझा शब्द ऐका. डिसेंबरात आम्ही पुण्याला येतोय. आईचं नाव राजपत्रात बदलून घेणार. दारावरची तुमची पाटी मी काढणार नाही. तिच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, यमुना अशी दुसरी पाटी लावणार. खिळा आई स्वतः ठोकणार आहे.

तुमचीच,
मीनल